बुधो, यो रे, पाव खा!

केरीच्या फेरी धक्क्यावर शांताचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिचा नवरा भिकाजी तेरेखोलच्या फेरीबोटीवर इंजिनाजवळ कामाला. आयुष्यभर त्या घरघरीत उभा राहून त्याचे कान कामातून गेले. लोकांचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं ऐकू यायचं आणि उरलेलं तो आपल्या मनाने जुळवून घ्यायचा. त्यामुळे स्वयंपाकघरातून ओसरीवर काही सांगायचं म्हटलं तरी शांताला सगळ्या वाड्यावर ऐकू जाईल असं बोलावं लागे. सवयच जडली तिला. ती जेवायला हाक मारते तेव्हा पलीकडे किल्ला बघायला आलेले टुरिस्टसुद्धा हात धुवायला उठतात, असं धक्क्यावरची माणसं म्हणायची. म्हणेनात का! भिकाजीच्या कानात नीट शिरणारा जगात तो एकच आवाज होता, आणि शांताला मनातून त्याचा अभिमान होता.

तोच आवाज गेला. शिगमो, म्हणजे आमची होळी, नुकताच संपला होता. सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता शांता ओट्याला टेकली आणि तशीच खाली घसरली. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातून ती जिवंत परत आली, पण उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत टाकायचा आणि तोंडातून शब्द नाही.

डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी होतं. आमसुलांची बरणी कुठे आहे, कुळथाचं पीठ कोणत्या डब्यात, भिकाजी तिखट जास्त घालतो आहे की मीठ कमी, सगळं तिला कळत होतं. 'पाणी' हा शब्द तिला आतून स्वच्छ ऐकू यायचा. तो जिभेपर्यंत आणला की विरघळून जायचा आणि बाहेर नुसतं 'आं, आं' पडायचं. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर रेघोट्या उमटल्या. अक्षरंही शब्दांच्या मागोमाग निघून गेली होती.

न्हाणी जवळ पडते म्हणून भिकाजीने तिची खाट मागच्या पडवीत घातली. पोपटाचा पिंजरा तिथे आधीपासून टांगलेला होता. पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, फॉरेस्टवाल्यांनी रस्त्यावरून पाहिलं तर पंचाईत, म्हणून तो मागे. आता शांताही मागे आली.

पोपटाला आमच्या पेडण्यात किर म्हणतात. रस्ता रुंद करायला माड पाडले तेव्हा एका माडाच्या ढोलीतून हा खाली पडला होता, अंगावर पीससुद्धा धड नव्हतं. शांताने उकड्या तांदळाचा भात बोटाने भरवून त्याला वाढवला. मोठा झाल्यावर तो खाताना अशी ऐट करायचा की ती त्याला किरबाब म्हणू लागली. वर्षानुवर्षं तिने त्याच्यापुढे 'बोल रे, बोल' म्हणून डोकं फोडलं, पण किरबाब एक अक्षर बोलला नाही. सकाळी सायकलवरून पाव विकायला येणाऱ्या पोदेराच्या भोंग्याची नक्कल तेवढी करायचा, आणि ती अशी हुबेहूब की शेजारणी पिशव्या घेऊन रस्त्यावर यायच्या.

बुधो हा कुत्रा. बुधवारी धक्क्यावर सापडला म्हणून बुधो. त्याचं आणि किरबाबाचं हाडवैर होतं. पिल्लू असताना त्याने, पिंजरा धुवायला खाली ठेवलेला होता तेव्हा, तारांत नाक खुपसलं आणि किरबाबाने ते असं धरलं की रक्त आलं. तेव्हापासून एक खालून गुरगुरायचा, दुसरा वरून सालं टाकायचा. शांता दोघांनाही शिव्या घालायची.

बुधोला एक सवय होती. सकाळी न् संध्याकाळी शांता त्याच्या ताटलीत चहात बुडवलेला उंडो, म्हणजे गोल पाव, ठेवायची आणि हाक मारायची, "बुधो, यो रे, पाव खा!" ती हाक कानावर पडेपर्यंत तो ताटलीला तोंड लावत नसे. मग ताटलीत पाव असो की सुरमईचं डोकं. पाहुण्यांना शांता हे कौतुकाने दाखवायची. आता त्याच कौतुकाने घात केला. शांता घरी आली, खाटेवर पडून राहिली, हाक काही आली नाही, आणि बुधो जेवायचा थांबला.

भिकाजीने हाका मारल्या, दम दिला, दुधात पाव कालवून त्याच्या नाकाला लावला. बुधो मान फिरवायचा. फारच पोट ओढलं तर रात्री चोरट्यासारखे दोन घास घ्यायचा, तेवढ्यावर जगत होता. दिवसभर खाटेखाली पडून वर शांताच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शांता त्याच्याकडे बघायची, ओठ हलवायची, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. आपल्या एका शब्दासाठी हे मुकं जनावर उपाशी आहे आणि तो शब्द आपल्याला देता येत नाही, याच्याएवढं दुःख तिला लुळ्या हाताचंही नव्हतं.

पेडण्याला रूपाली नावाची मुलगी अशा माणसांना बोलायचे व्यायाम शिकवायची. भिकाजी शांताला रिक्षात घालून तिच्याकडे नेऊ लागला. रूपालीने शांताचे गाल चोळले, ओठ दाबून बघितले आणि म्हणाली, "काकी, ओठांचे शब्द आदी येतत. ब म्हणा. ओठ मिटा, वारो भरा आनी सोडा. घरात ब वयलां कोण आसा?"

"बुधो," भिकाजी म्हणाला. "आमचो कुत्रो."

"मगे पयलो शब्द तोच. काकीन हाक मारली काय बुधो जेवतलो." आणि भिकाजीला तिने बजावलं, अगदी त्याच्या कानाशी जाऊन, "रोज करून घेया, काका. मदी सोडू नकात. सोडलां तर तोंड इसारता."

तिथून परत येताना रिक्षात शांताने ओठ मिटून धरले होते. तिला आशा वाटत होती. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

भिकाजीलाही राहवेना. तो गावच्या देवीकडे कौल घ्यायला गेला. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवी होय म्हणाली. गाऱ्हाण्याच्या शेवटी भिकाजी नवस बोलला, शांताचा आवाज माझ्या घरात पुन्हा घुमू दे, घुमेल त्या दिवशी तुला पातळ नेसवीन आणि नारळांचं तोरण बांधीन. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. घरी येऊन त्याने शांताला हे सगळं मोठमोठ्याने सांगितलं, जणू काही बहिरी तीच. ती हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली.

भिकाजीच्या घराण्यात नवसाची एक रीत होती, त्याच्या आजोबांपासूनची. नवस एकदा फेडला की तो विषय देवीपुढे संपला. त्याच मागणीसाठी पुन्हा पाकळी लावायची नाही, पुन्हा बोलायचंही नाही. लावली तर देवीने दिलेलं तोंडावर फेकल्यासारखं होतं. ही रीत शांताला ठाऊक होती. पुढे जे झालं ते म्हणून तिला भिकाजीपेक्षाही आधी कळलं.

एका सकाळी पोदेर येऊन गेला. किरबाबाने भोंगा वाजवून घेतला. भिकाजीने बुधोच्या ताटलीत उंडो ठेवला, एक तुकडा पिंजऱ्यात खोचला आणि तो आत चहा गाळायला गेला. बुधो खाटेखालून सरपटत बाहेर आला, ताटलीपाशी बसला आणि शांताकडे बघू लागला. शांताने ओठ मिटले. वारा भरला.

"बुधो, यो रे, पाव खा!"

आवाज तिचाच. 'यो'वरची तिची ती लांबण, 'खा'वरचा तो ठसका. शांताने डावा हात झटकन तोंडावर नेला. क्षणभर तिला वाटलं, आपण बोललो. मग वरून पावाचा तुकडा खाली पडला आणि तिने मान वळवून बघितलं. किरबाब तारांतून मान बाहेर काढून एका डोळ्याने खाली बुधोकडे बघत होता. "बुधो, यो रे, पाव खा!" त्याने पुन्हा म्हटलं आणि चोचीतला उरलेला तुकडाही टाकून दिला.

बुधो उठला. जमिनीवरचा तुकडा त्याने हुंगला, खाल्ला, मग ताटलीत तोंड घातलं आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.

आतून भिकाजी गाळणं हातात घेऊन धावत आला. "शांता! शांता गो, बोललंस!" तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा ती कुठून येते ते त्याला दिसलं. तो पिंजऱ्याकडे बघत राहिला आणि मग मटकन जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. शांताही रडली. खोटं कशाला सांगायचं, त्या सकाळी तिलाही आनंदच झाला होता. बुधो जेवला होता.

डोळे पुसून भिकाजी म्हणाला, "देवीन शब्द राखलो."

शांताला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने लगेच नारळवाल्याला फोन लावला. तेव्हा तिने डाव्या हाताने त्याचा सदरा धरला. घट्ट धरला, मान हलवली, जिवाच्या आकांताने आं आं केलं. हा माझा आवाज नव्हे, माझा अजून यायचा आहे, नवस फेडू नका, असं सगळं त्या आं आंमध्ये होतं. भिकाजीने तिची बोटं एकेक करून प्रेमाने सोडवली. "रडा नको गो," तो म्हणाला. "देवीन आयकलां. तुझो आवाज घरात इलो."

त्याला वाईट म्हणवत नाही. मार्चपासून तो माणूस तिचं अंथरूण धुत होता, तिला न्हाऊ घालत होता, भात करपवत होता. संध्याकाळी घर इतकं गप्प व्हायचं की आपले उरलेले कानही गेले की काय असं त्याला वाटायचं. तो थकला होता. जे मिळालं ते घेऊन त्याला सुटायचं होतं. देवीला पातळ नेसवलं, देवळाच्या दारावर नारळांचं तोरण चढलं, आणि शांताच्या वाटणीची पाकळी संपली.

रूपालीकडे जाणंही थांबलं. "आता कित्याक तुका रिक्षात आदळून काडूचां?" भिकाजी म्हणाला. रूपालीचा फोन आला तेव्हा त्याने अर्धं ऐकलं, अर्धं जुळवलं आणि ओरडून सांगितलं, "आवाज इलो गो! देवीच्या कृपेन इलो!" ती बिचारी पलीकडून आनंदाने अभिनंदन करत होती. शांता खाटेवर पडून ऐकत होती. रूपालीने पुन्हा फोन केला नाही. बऱ्या झालेल्या माणसाला कोण फोन करतं?

त्या दिवसापासून किरबाब आणि बुधो जिवाभावाचे मित्र झाले. बुधोने खाटेखालची जागा सोडली आणि पिंजऱ्याखाली मुक्काम हलवला. किरबाब आपल्या वाटणीच्या पेरूचे, पावाचे तुकडे करायचा, हाक मारायचा आणि खाली टाकायचा. बुधो मागच्या पायांवर पिंजऱ्याला टेकून उभा राहिला की तारांतून चोच घालून त्याच्या कानातल्या गोचिडी वेचायचा, आणि बुधो डोळे मिटून घ्यायचा. मांजर कुंपणावर दिसलं की बुधो आकाशपाताळ एक करायचा. जुनं वैर होतं हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं. वाड्यावरच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. "शांताचो आवाज आयकाक इलंय," म्हणायच्या, खाटेशी जरा टेकायच्या, शांताचा हात थोपटायच्या आणि तोंड पिंजऱ्याकडे करून बसायच्या.

किरबाबाला एकदा वाचा फुटल्यावर तो थांबेना. इतकी वर्षं आत साठवून ठेवलेलं एकेक बाहेर काढू लागला. त्यातलं सगळ्यात आवडीचं म्हणजे, "आयकलात? चाय निवता!" शांता भिकाजीला रोज असंच ओरडून बोलवायची. तो आवाज थेट ओसरीपर्यंत जायचा, आणि ओसरीवरून भिकाजी उत्तर द्यायचा, "येतंय गो!"

ते 'गो' शांताच्या काळजात घुसायचं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या हाकेला मिळणारं ते एक अक्षर तिचं होतं. आता भिकाजी ते पाखराला देत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. कपबशी घेऊन तो पिंजऱ्याजवळच्या बाकड्यावर बसायचा, बशीत चहा ओतून किरबाबापुढे धरायचा, धक्क्यावरच्या बातम्या त्याला सांगायचा. फेरी आज बंद पडली, नवा खलाशी कामचुकार आहे, पाप्लेटाला भाव चढलाय. शांता हाताच्या अंतरावर होती.

एकदा तिला न्हाणीत जायचं होतं. ती आं आं करत राहिली. भिकाजी ओसरीवर होता, त्याला ते ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. तेवढ्यात किरबाब ओरडला, "आयकलात?" भिकाजी आला, हसला, त्याच्याशी चार शब्द बोलला, मोसंबीची फोड पिंजऱ्यात खोचली आणि परत गेला. शांताचं अंथरूण ओलं झालं. नंतर त्याने ते निमूट बदललं, रागाचा एक शब्दही काढला नाही. तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

लेक भाग्यलक्ष्मी फोंड्याला दिली होती. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. भिकाजी त्याआधी शांताचे केस विंचरायचा, कपाळाला कुंकू लावायचा. भाग्यलक्ष्मी "आई, बरी आसस?" म्हणायची, शांता मान हलवायची, आणि मग दोघींमध्ये बोलायला काही उरायचं नाही. "बाबा, फोन जरा किराकडे धर मरे," भाग्यलक्ष्मी म्हणायची. "आईचो आवाज आयकंय." फोन शांताच्या तोंडासमोरून उचलून पिंजऱ्यासमोर जायचा. तिकडे लेक रडायची, इकडे बाप डोळे पुसायचा. शांताला वाटायचं, मी त्याच सकाळी ओट्यापाशी मेले असते तर यांनी याहून वेगळं काय केलं असतं?

एके दुपारी भिकाजी धक्क्यावर गेलेला बघून ती खाटेवरून उतरली. भिंतीला धरून, पाय ओढत ती पिंजऱ्यापर्यंत गेली आणि डाव्या हाताने तिने दाराची तार काढली. दार सताड उघडलं. जा, तिने मनातल्या मनात म्हटलं. जा मेल्या, रानात जा, माझं घर सोड. हाताने भात भरवलेल्या त्या पाखराचा तिला त्या क्षणी इतका राग आला होता की मान मुरगळायला उजवा हात असता तर तिने तो वापरला असता.

किरबाब दारात आला. बाहेर उजेड होता, आंब्याचं झाड होतं, पलीकडे नदी होती. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि तारांना चोच लावत लावत तो खाली उतरला तो सरळ बुधोच्या पाठीवर. बुधो उठला आणि त्याला घेऊन परसात फिरायला निघाला. तुळशीला वळसा घालून, विहिरीपर्यंत जाऊन दोघं परत आले, आणि बुधो पिंजऱ्याखाली येऊन शहाण्यासारखा उभा राहिला. किरबाब वर चढून आत जाऊन बसला.

धक्क्यावरून परतलेल्या भिकाजीने परसाच्या दारातून हे बघितलं. कित्येक महिन्यांत तो इतका हसला नव्हता. "शांतान आपल्या हातान सोडलो खेळाक!" हे त्याने शेजारी सांगितलं, धक्क्यावर सांगितलं, फोंड्याला फोन करून सांगितलं. "आपणाक बोलाक येयना, पण तिचो जीव बघा केदो आसा तेंच्यावर." मग तो रोज दुपारी दार उघडून ठेवू लागला, बायकोची हौस म्हणून. शांता ते बघत राहायची. तिचा द्वेषसुद्धा तिचा म्हणून कोणापर्यंत पोचत नव्हता.

तेव्हा तिने ठरवलं. बुधोला आपण हाक मारायची. एकदाच, पण भिकाजीच्या समोर, त्याच्या कानावर पडेल अशी. रूपाली नाही तर नाही, देवी नाही तर नाही.

दुपारी घर रिकामं झालं की ती सुरू करायची. ओठ मिटायचे, वारा भरायचा, सोडायचा. आषाढ असाच गेला. पागोळ्या गळायच्या, बुधो झोपलेला असायचा आणि किरबाब दांडीवर मान कलती करून तिच्याकडे एकटक बघत असायचा. त्याच्याएवढं लक्ष देऊन तिचं कोणीच ऐकत नव्हतं. आधी नुसती फुंकर निघायची. मग ब निघाला. मग पुष्कळ दिवसांनी 'बु'. पण 'बु'नंतर सगळं बंद व्हायचं, घसा आवळायचा, घामाने ती भिजून जायची. श्रावणात एके दिवशी 'धो' आपसूक बाहेर पडला. "बु... धो." आवाज जाड, चिरका, नाकातून आलेला, तिचा तिलाच ओळखू येईना. बुधोचा एक कान हलला. ती उशीत तोंड घालून रडली. दुसऱ्या दिवशी शब्द पुन्हा नाहीसा झाला, पण तो आत आहे हे आता तिला कळलं होतं. ती त्याला रोज शोधून काढायची. कधी सापडायचा, कधी नाही. भिकाजीला तिने कळू दिलं नाही. गणपतीच्या चवथीला लेक येणार होती. दोघं एकत्र असताना हाक मारायची.

चवथीच्या आदल्या दिवशी भाग्यलक्ष्मी आली. घरात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, वास सुटला. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायचं काम पुढच्या खोलीत चाललं होतं. भिकाजी स्टुलावर चढून सुपारीचे घोस, तोरिंगं, कांगलांचे तुरे चौकटीला बांधत होता आणि भाग्यलक्ष्मी खालून एकेक देत होती. दरवर्षी कुठलं फळ कुठे बांधायचं ते शांता खालून ओरडून सांगायची. आज ती मागच्या पडवीत होती, पण दोघांचं बोलणं तिला ऐकू येत होतं. संध्याकाळचा पाव बुधोच्या ताटलीत ठेवलेला होता. किरबाब दांडीवर पंख साफ करत बसला होता, त्याने अजून हाक मारली नव्हती.

शांता उठून बसली. ओठ मिटले. वारा भरला. आणि तिचं सगळं आयुष्य जणू त्या छातीत गोळा झालं.

"बुधो! यो!"

मोठ्याने आलं. शब्द दोन आले! 'यो' तिने कधी जमवलाच नव्हता, तो आपल्या पायांनी आला. बुधो ताडकन उठला. शेपटी हलवत त्याने इकडे तिकडे बघितलं, आणि मग पिंजऱ्याखाली जाऊन उभा राहिला, मान वर करून, तुकडा पडायची वाट बघत.

पुढच्या खोलीतलं बोलणं थांबलं. शांता दाराकडे बघू लागली.

"बाबा, आयकलंस?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "किराचो आवाज असो कसो येता?"

"हां गो. घसो बसलो दिसता तेचो," भिकाजी म्हणाला. "पावसाचो वारो लागलो आसतलो."

दोघं मागे पडवीत आली. भाग्यलक्ष्मी सरळ पिंजऱ्यापाशी गेली. शांताने डावा हात हवेत नाचवला, छातीवर आपटला. मी, मी. लेकीने वळून बघितलं. "काय गो आई? तुका पण कळलां मां?"

आता दोघं समोर होती. हवी तशीच, हवी तिथेच. शांताने ओठ मिटले. वारा भरला. ब ओठांच्या मागे येऊन उभा राहिला आणि निघेना. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि भिकाजीला ते दिसलं, आणि त्याने आपल्या मनाने ते जुळवलं. "घाबरा नको गो," तो म्हणाला. "किराक काय जावचां नाय."

तेवढ्यात वरून आवाज आला. जाड, चिरका, नाकातून आलेला.

"बु... धो."

किरबाब मान कलती करून शांताकडे बघत होता. सगळा आषाढ आणि श्रावण त्याने मन लावून ऐकलं होतं. "बु... धो," त्याने पुन्हा म्हटलं, तिच्यापेक्षा सफाईने.

"तूच मरे तो!" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "बघ बाबा, पुरो आवाज गेलो तेचो." तिने दोरीवर वाळत घातलेलं आईचं जुनं मऊ पातळ ओढलं, पिंजऱ्याभोवती चांगलं गुंडाळलं, वारा लागू नये म्हणून टोकं खोचली. बुधो पातळाच्या पदराखाली अंग मुडपून बसला. जाता जाता तिने आईच्या केसांवरून हात फिरवला. "आराम कर गो. उद्यां गणपती येतलो."

दोघं माटोळीकडे परत गेली. थोड्या वेळाने पातळाच्या आतून आवाज आला, खणखणीत, पूर्वीसारखा, "आयकलात? चाय निवता!"

"सुटलो गो घसो!" पुढच्या खोलीत भाग्यलक्ष्मी आनंदाने ओरडली, आणि स्टुलावरून भिकाजीने हाक दिली, "येतंय गो!"

शांताचे ओठ अजून ब धरून मिटलेले होते. ते तिने तसेच राहू दिले. रात्री भाग्यलक्ष्मी पेज घेऊन बसली, चमचा लावून लावून थकली, तरी ते उघडले नाहीत.